प्रीडायबेटिस निघालंय, घरात एअर प्युरिफायर घ्यावा का? (डिचोली तालुका, कौलारू घर)

तुळशीअंगण:

नमस्कार मंडळी. वय ४९, प्राथमिक शाळेत शिकवते. सासरच्या जुन्या घरात आम्ही तिघं राहतो: सासूबाई, नवरा आणि मी. मुलगा पुण्याला नोकरीला आहे.

गणपतीची चवथ आटोपली की मी दरवर्षी रक्त तपासून घेते. यंदा उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीएवनसी ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी इतक्यात नको, भात कमी करा, चालायला लागा, तीन महिन्यांनी या. माझे वडील मधुमेहानेच गेले. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला घेऊन बांबोळीला जात होते. त्यांच्या दंडावरची ती सुजलेली शीर आजही डोळ्यांसमोर आहे. तेव्हा ६.१ हा आकडा दुसऱ्या कुणाला किरकोळ वाटेल, मला त्या दिवसापासून धड झोप नाही.

मुलाने कुठेतरी वाचलं की हवेतल्या बारीक धुळीने रक्तातली साखर वाढते. तो म्हणतो, आई, नाही म्हणू नकोस, मी प्युरिफायर पाठवतो. चौदा हजारांचा आहे. तेवढे पैसे खर्च करून खरोखर फरक पडणार असेल तर मी आनंदाने घेईन. नुसतं कोपऱ्यात घुरघुरत राहणार असेल तर मुलाच्या घामाचे पैसे मला वाया घालवायचे नाहीत.

आता घराचं सांगते. रस्ता अंगणापासून तीस पावलांवर. खनिजाचे ट्रक पुन्हा सुरू झाल्यापासून तुळशीची पानं लाल दिसतात. रोज संध्याकाळी खिडकीचे गज ओल्या फडक्याने पुसते, फडकं बादलीत पिळलं की पाणी कावेसारखं होतं. घर मंगळुरी कौलांचं. आमची झोपायची खोली १२ बाय ११ आहे, पण मधल्या भिंती वर आढ्यापर्यंत गेलेल्या नाहीत, वरून सगळं मोकळं. जुन्या घरांत असतं तसंच.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्युरिफायरने साखर उतरते का? अशा उघड्या घरात तो चालतो का? आणि पावसाळ्यात, भिंतींना ओल धरलेली असताना, त्याचा उपयोग काय? कृपया अनुभवाने सांगा. जाहिराती मी वाचल्या आहेत.

फोंड्याचा_लॅबवाला:

ताई, मी ३१ वर्षं रक्त तपासण्याच्या खोलीत काढली, आता निवृत्त आहे. प्युरिफायरचं दुसरे सांगतील. मला एकच विचारायचं आहे, हिमोग्लोबिन किती आलं? रिपोर्टच्या पहिल्या पानावर असेल.

विचारण्याचं कारण असं. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण तीन-चार महिने जगते, म्हणून त्यावरून तेवढ्या काळाचा अंदाज बांधतात. शरीरात लोह कमी असलं की हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा थोडा वर दिसू शकतो. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचे असे कितीतरी रिपोर्ट माझ्या हाताखालून गेलेत, आणि त्या पहिलं पान उलटून थेट साखरेच्या पानावर जातात. ५.७ ते ६.४ हा प्रीडायबेटिसचा पट्टा धरतात. ६.१ त्याच्या मधोमध आहे, पण उपाशीपोटीची ११२ सुद्धा १०० ते १२५ च्या पट्ट्यातच येते, तेव्हा सगळा दोष लोहावर ढकलू नका. डॉक्टरांना विचारून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी करून घ्या. ती रक्तातली साखर थेट मोजते, तिथे हिमोग्लोबिनचा संबंध येत नाही.

तुळशीअंगण:

दादा, आताच पाहिलं. हिमोग्लोबिन ९.६. मी खरंच त्या पानाकडे बघितलं नव्हतं.

वास्कोचा_खलाशी:

वहिनी, मी २६ वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतो. आता वास्कोत बंदराच्या वरच्या अंगाला राहतो, तिथे बाल्कनीत कोळशाची काळी पूड बसते. मलाही प्रीडायबेटिस आहे आणि माझ्याकडे तीन वर्षं प्युरिफायर आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

आधी यंत्राचं. आत हेपा गाळणी असते. ०.३ मायक्रॉनचे कण १०० पैकी ९९.९७ अडवते ती खरी हेपा. यंत्राच्या खोक्यावर ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देतो तो आकडा असतो, तो बघायचा. तुमची खोली १२ बाय ११ आणि उंची १० फूट धरली तर साधारण ३७ घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती गाळून निघायला हवी, म्हणजे निदान १८५ चा आकडा हवा, आणि तोही रात्री ज्या हळू वेगावर चालवणार त्या वेगाचा. खोक्यावर छापलेला आकडा पूर्ण वेगाचा असतो. त्या वेगाला माझ्या बायकोला झोप येत नाही.

पण वहिनी, तुमच्या खोलीला वर छतच नाही. भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत म्हणजे तुमची खोली ३७ घनमीटरची नाही, अख्ख्या घराएवढी आहे. कौलांच्या फटींतून बाहेरची हवाही येणार. यंत्र अंगणातली हवा गाळत बसेल. हे मी तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही, मी माझ्या आईच्या पेडण्याच्या घरात लावून पाहिलं आहे. मीटरवरचा धुळीचा आकडा जरा उतरायचा आणि दार उघडलं की होता तिथे.

पावसाळ्याबद्दल: हेपा ओल काढत नाही. ओल काढणारं यंत्र वेगळं. उलट गाळणी सतत दमट राहिली तर तिच्यावरच बुरशी धरते. माझी पहिली गाळणी ऑगस्टमध्ये कुबट वास मारायला लागली, वर्ष व्हायच्या आत फेकावी लागली. आणि ‘आयन’ सोडणारं, ओझोनने हवा शुद्ध करणारं काही घेऊ नका. ओझोन फुप्फुसांना वाईट.

आता मुख्य. तुम्ही तुळशीवरची लाल धूळ बघून घाबरलात. ती धूळ जाड असते. डोळ्यांना दिसते, पुसता येते, बरीचशी नाकात-घशात अडकते. ती निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही, खाणीच्या गावात खोकला कशाने येतो ते तुम्ही जाणता. पण साखरेच्या संबंधात ज्या पीएम २.५ चं नाव घेतात ते कण म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, यावरून अंदाज करा. ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात, आणि ते मुख्यतः जळण्यातून येतात. तेव्हा मला सांगा, घरात काय काय जळतं?

पेडण्याची_सून:

खलाशीभाऊंच्या प्रश्नात माझी भर. कॉइल लावता का? आमच्याकडे पावसाळाभर लागायची. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे असतात असं संशोधकांनी २००३ मध्ये मोजून दाखवलं होतं. ते वाचलं त्या दिवशी मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन मच्छरदाण्या आणल्या. डेंग्यू-मलेरियाची भीती आहेच, त्यामुळे नुसती कॉइल बंद करून चालणार नाही.

तुळशीअंगण:

काय जळतं ते लिहायला बसले आणि यादी वाढतच गेली.

पहाटे साडेपाचला न्हाणीतली चूल. त्यावर तांब्याचं भाण, सासूबाईंच्या आंघोळीला. जळण म्हणजे नारळाची सोडणं, चुडतं, करवंट्या. सासूबाई ८२ वर्षांच्या, त्यांना त्याच पाण्याने अंग शेकल्यासारखं वाटतं. न्हाणी आमच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. मग देवाला दोन उदबत्त्या आणि धूप. दुपारी तव्यावर मासे. तिन्हीसांजेला गोठ्यात धूर, डास जावेत म्हणून. रात्री पलंगाखाली कॉइल.

हे सगळं मी इतकी वर्षं बघते आहे. धूर म्हणून त्याच्याकडे कधी बघितलं नाही.

मडगावची_डॉक्टर:

ताई, मी जनरल प्रॅक्टिस करते. तुमच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर देते.

बारीक कणांचा आणि साखरेचा संबंध आहे, हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे. कण फुप्फुसात पोचले की तिथे सूज येते, तिचे रासायनिक निरोप रक्तातून सगळीकडे जातात आणि स्नायू, यकृत इन्सुलिनचं पहिल्यासारखं ऐकत नाहीत. आपल्याच देशातला पुरावा बघा. दिल्ली आणि चेन्नईतल्या १२ हजारांहून जास्त प्रौढांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. महिन्याच्या सरासरीत पीएम २.५ दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढलं तर उपाशीपोटीची साखर सरासरीने ०.४० ने आणि एचबीएवनसी ०.०२१ ने जास्त आढळली. वर्षाच्या सरासरीत १० चा फरक असेल तर नव्याने मधुमेह होण्याचा धोका २२ टक्क्यांनी जास्त.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तुमची साखर ११२ आहे. महिनाभर हवा १० ने सुधारली तर सरासरीने अर्धा मिलिग्रॅमही उतरत नाही, ग्लुकोमीटरवर ते दिसणारसुद्धा नाही. पण तीच हवा वर्षानुवर्षं वाईट राहिली तर धोका साठत जातो. म्हणून हवेकडे औषध म्हणून बघू नका आणि दुर्लक्षही करू नका.

प्युरिफायरचा प्रत्यक्ष प्रयोग विचाराल तर शांघायमध्ये ५५ निरोगी विद्यार्थ्यांच्या खोल्यांत ९ दिवस खरा आणि ९ दिवस गाळणी काढलेला प्युरिफायर ठेवून पाहिला होता. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गाळणी नसताना त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं वाढली आणि इन्सुलिनला होणारा प्रतिसाद बिघडला. पण ती तरुण मुलं, मोजके दिवस आणि बंद खोल्या. त्यावरून तुमचं ६.१ चं ५.६ होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

याउलट चालणं आणि जेवण यांचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२००२) वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य दिलेल्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईच्या ५३१ लोकांच्या अभ्यासात (२००६) हाच फरक २८.५ टक्के होता. आपली माणसं वेगळी असतात, तरी फरक पडतो. गोव्याला हे जास्तच लागू आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत जास्त. माझ्या दवाखान्यात बसलं की ते खरं वाटतं.

भात सोडू नका. उकड्या तांदळाचाच खा, पण वाटीने मोजून, आणि आधी भाजी, अळसांदे (चवळी) किंवा बांगडा पोटात जाऊ द्या. रात्रीची पेज मात्र बघा, जितकी मऊ तितकी साखर लवकर चढते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारा. ट्रक थांबलेले असतील त्या वेळी.

आणि फोंड्याच्या काकांचं ऐका. ९.६ हिमोग्लोबिन घेऊन चढ चढलात तर धाप लागेल, आणि मग चालायचा कंटाळा येतो. आधी लोह का कमी झालं ते शोधून घ्या.

वास्कोचा_खलाशी:

वहिनी, माझ्याकडे हातात मावणारं पीएम २.५ चं मीटर आहे. विकत घेऊ नका, माझं न्या. मी सोमवार-गुरुवारी पणजीला येतो, कदंबा स्टँडवर देतो. एक लक्षात ठेवा, ते प्रकाशाच्या किरणाने कण मोजतं, त्यामुळे वाफ आणि धुकंही कण म्हणून मोजतं. पाऊस पडत असेल किंवा आंघोळीची वाफ असेल तेव्हाचे आकडे धरू नका. आणि जाड धूळ ते नीट मोजत नाही.

तुळशीअंगण (साडेतीन महिन्यांनी):

मंडळी, उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मीटर आणलं आणि चार कोरड्या दिवसांत वहीत पीएम २.५ चे आकडे (दर घनमीटरमागे मायक्रोग्रॅम) लिहिले. मुलांची हजेरी लिहिते तसे, वेळ घालून. रात्री अकराला, कॉइल न लावता, आमच्या खोलीत २२. दुपारी खिडकी उघडी, रस्त्यावरून ओळीने ट्रक, ४८. देवासमोर दोन उदबत्त्या पेटवल्यावर १३०. मासे तळताना स्वयंपाकघरात २६०. पहाटे न्हाणीतली चूल पेटली, मी आमच्या खोलीत पलंगावर मीटर घेऊन बसले. पाच मिनिटं काहीच नाही. मग बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर भिंतीच्या माथ्यावरून धूर सावकाश आमच्या बाजूला उतरत होता, दुलई अंगावर ओढावी तसा. वीस मिनिटांनी ३८०. सासूबाई रोज त्या चुलीच्या तोंडाशी बसून फुंकणीने फुंकतात. कॉइलचा आकडा पलंगाच्या कडेला ५४० होता.

नवऱ्याला वही दाखवली. तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी गीझरची चौकशी करून आला.

सासूबाईंना सांगणं मला अवघड गेलं. ती चूल त्यांच्या सासूची. मी त्यांना मीटर हातात दिलं आणि आकडा चढताना दाखवला. त्या म्हणाल्या, माझे डोळे तीस वर्षं झोंबतात ते यानेच का गो? आता गीझरचं पाणी आम्ही भाणातच ओततो. भाण तिथेच आहे. पहाटेचा त्यांचा खोकला बराच कमी झाला आहे.

कॉइल बंद, दोन मच्छरदाण्या. गोठ्यातला धूर नवऱ्याने मागच्या अंगाला, वाऱ्याच्या दिशेने लांब नेला. उदबत्ती एकच, आणि ती देवासमोरून तुळशीपाशी नेऊन लावते. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसवला. दिवाळीत नरकासुर जाळायच्या रात्री खिडक्या बंद ठेवल्या. प्युरिफायर घेतला नाही. मुलाचे पैसे गीझर आणि पंख्याला गेले, तो रागावला नाही.

तपासण्या. फेरिटिन ७ निघालं, म्हणजे फारच कमी. पाळी जाताना होणारा जास्त रक्तस्राव हे कारण, त्याचे उपचार चालू आहेत, लोहाच्या गोळ्याही. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १६४. म्हणजे दादा, प्रीडायबेटिस खरंच आहे, १४० ते १९९ च्या पट्ट्यात. तेव्हा रडू आलं, पण निदान खरं काय ते कळलं. रात्रीची पेज सोडून अर्धी भाकरी आणि भाजी घेते, जेवल्यावर अंगणात पंधरा मिनिटं चालते. सुरुवातीला पाच मिनिटांत धापायचे.

परवाचे आकडे: हिमोग्लोबिन ११.४, उपाशीपोटी १०४, एचबीएवनसी ५.८. डॉक्टरांना विचारलं, यात लोहाचं किती, चालण्याचं किती, धुराचं किती? ते म्हणाले, ते वेगळं काढता येणार नाही, तिन्ही चालू ठेवा.

एक प्रश्न उरलाय. रस्त्याच्या बाजूला झाडांची कुंपणवई दाट करायची आहे, लाल धुळीसाठी. काय लावावं? बांबूपेक्षा बुटकं हवं, पानं दाट आणि खरखरीत.

खलाशीभाऊ, मीटर गुरुवारी घेऊन येते, कदंबा स्टँडवर, पेडण्याच्या बसच्या फलाटाशी. सासूबाईंनी तुमच्यासाठी यंदाची सोलं बांधून ठेवली आहेत.